दोषी ठरलेल्या कलाकाराला दहीहंडीला बोलवावं का? एका पशुवैद्यकाचं उत्तर

प्रश्न विचारणारे पलूसकडच्या एका तरुण मंडळाचे कार्यकर्ते आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दहीहंडीला एका नावाजलेल्या अभिनेत्याला बोलवायचं मंडळात ठरत आलंय. पाळलेल्या कुत्र्याला मारहाण केल्याबद्दल या अभिनेत्याला न्यायालयाने दोषी ठरवून पन्नास रुपये दंड केला होता. यांनी बैठकीत विरोध केला. अध्यक्ष म्हणाले, "दंड भरला, विषय मिटला. एका कुत्र्यापायी माणसाला आयुष्यातून उठवायचं का?" त्यावर यांना उत्तर सुचलं नाही. 'डॉक्टर मॅडम, अशा माणसाचं करिअर संपलं पाहिजे का नको, तुम्हीच सांगा,' असं त्यांनी विचारलंय.

दादा, अध्यक्षांच्या त्या एका वाक्यात तीन प्रश्न गुंतलेत, म्हणून तुमची अडचण झाली. त्याला झालेली शिक्षा पुरेशी होती का, हा एक. त्याला पुढे अभिनयाचं काम मिळावं का, हा दुसरा. आणि तुमच्या चौकात, शाळकरी पोरांच्या गर्दीसमोर त्याच्या गळ्यात हार पडावा का, हा तिसरा. माझं मत आधीच सांगून टाकते. शिक्षा अजिबात पुरेशी नव्हती. काम मिळायला माझी हरकत नाही, फक्त त्या कामात कुठलंही जनावर त्याच्या ताब्यात जाता कामा नये. हार मात्र नको. निदान त्याने काही गोष्टी करून दाखवेपर्यंत तरी नकोच.

हे मी कशाच्या जोरावर बोलते, तेही सांगते. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले, नोकरीची बरीच वर्षं माण, आटपाडी, खानापूर या दुष्काळी पट्ट्यात गेली, आता विट्याला स्वतःचा दवाखाना आहे. उपचार हे मुख्य काम. पण पोलिसांनी बोलावलं की जखमी जनावर तपासून दाखला द्यावा लागतो, मेलेल्याचं शवविच्छेदन करावं लागतं आणि कधी कोर्टात उभं राहून आपला अहवाल वकिलांना समजावून सांगावा लागतो. छळ म्हणजे काय, हे मला जनावराच्या अंगावरून वाचायची सवय लागली आहे. म्हणून माझं उत्तर कलाकारापेक्षा जनावराकडून सुरू होतं.

आधी ते पन्नास रुपये. न्यायाधीशांनी दया दाखवली असं समजू नका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये दंड लिहिलाय. तीन वर्षांच्या आत पुन्हा तसाच गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे तुमच्या अभिनेत्याला या कलमाखाली होऊ शकणारा सगळ्यात मोठा दंडच झालाय. केंद्राने २०२२ मध्ये या शिक्षा वाढवण्यासाठी दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता, पण तो मसुदाच राहिला. जनावराला ठार मारलं किंवा कायमचं निकामी केलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागू शकतं आणि तिथे पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नुसती मारहाण, उपाशी ठेवणं, आखूड दोरीला बांधून ठेवणं, हे मात्र अजूनही पन्नास रुपयांतच मोडतं.

लोकांचा राग करिअरवर का निघतो, ते इथे कळतं. कोर्टात जो हिशेब चुकता झाला नाही तो लोक सिनेमागृहात आणि मोबाइलवर चुकता करू पाहतात. तो राग मला परका नाही. बरगड्या मोडलेलं कुत्रं टेबलावर असतं आणि मालक पन्नास रुपये भरून मोकळा होणार हे ठाऊक असतं, तेव्हा माझ्याही हातापायांना कंप सुटतो.

तरीही करिअर संपवणं ही शिक्षा म्हणून मला पटत नाही, आणि त्याचं कारण दयामाया हे नाही. ही शिक्षा गुन्ह्याच्या मापाने मिळत नाही, गल्ल्याच्या मापाने मिळते. ज्याचे सिनेमे चालतात त्याचं काही बिघडत नाही. ज्याचा पडता काळ आहे, तो तेवढ्याच गुन्ह्यासाठी संपतो. सगळ्यांना माहीत असलेलंच उदाहरण घ्या. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये जोधपूरजवळच्या कांकाणी गावात काळविटांची शिकार झाली. त्या खटल्यात ५ एप्रिल २०१८ रोजी जोधपूरच्या न्यायालयाने सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा सुनावली, दोन दिवसांत जामीन झाला आणि प्रकरण अपिलात गेलं. सोबतच्या कलाकारांना त्याच निकालात निर्दोष सोडलं. त्याच सुमारास दाखल झालेल्या चिंकारा शिकारीच्या प्रकरणांत त्याला आधी शिक्षा झाली होती, ती २०१६ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने रद्द केली. या सगळ्या वर्षांत त्याच्या कामावर फरक पडलेला तुम्ही पाहिलात का? मग करिअर संपवण्याचा नियम नेमका कुणावर चालणार? दुसऱ्या फळीतल्या नटावर, रील बनवणाऱ्या पोरावर, छोट्या वाहिनीवरच्या मुलीवर. आणि ज्या प्रकरणात वरचं न्यायालय पुढे निर्दोष म्हणतं, तिथे आधीच संपवलेलं काम परत कोण देणार?

त्या खटल्यात मला मोठी वाटतात ती कांकाणीची, काळवीट जपणाऱ्या बिष्णोई समाजाची माणसं. घटना १९९८ ची, निकाल २०१८ चा, आणि इतकी वर्षं ती साक्षीला ठाम राहिली. आपल्याकडे साक्षीदार पुढच्या तारखेलाच म्हणतो, "मॅडम, आपल्याला गावात राहायचंय." त्याच प्रकरणाचं निमित्त करून कुणी कुणाच्या जिवावर उठायची भाषा करतं, त्याला न्याय म्हणायचं नाही. तो वेगळाच गुन्हा आहे.

मग मागायचं काय? त्याच १९६० च्या कायद्यात कलम २९ आहे. त्याची आठवण फारशी कुणाला होत नाही, वकिलांनाही नाही. मालक दोषी ठरला आणि जनावर त्याच्याकडे राहिलं तर पुन्हा छळ होईल असं पुराव्यावरून दिसलं, तर न्यायालय ते जनावर काढून घेऊ शकतं. एवढंच नाही, दोषी माणसाने ठरावीक मुदतीपर्यंत किंवा कायमचं कुठलंही जनावर ताब्यात ठेवायचं नाही, असाही आदेश देऊ शकतं. कलम ३५ खाली जनावराच्या उपचाराची आणि सांभाळाची सोय करून त्याचा खर्च मालकाकडून वसूल करता येतो. माझ्या मते पन्नास रुपयांपेक्षा आणि बहिष्कारापेक्षाही ही दोन कलमं जास्त धारदार आहेत. कारण ज्याच्यावर अन्याय झाला ते जनावर वाचतं, आणि पुढचं जनावर त्या हाताखाली जातच नाही. फक्त ती न्यायालयाकडे मागावी लागतात, आणि मागायला कुणी तरी तक्रारदार शेवटपर्यंत उभा असावा लागतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. या कायद्याखालचा खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. एखाद्या प्रसिद्ध माणसाचा चार वर्षांपूर्वीचा व्हिडिओ आज फिरायला लागला की गाव पेटून उठतं, पण मारहाणीच्या कलमाची मुदत केव्हाच उलटलेली असते. व्हिडिओ पुढे पाठवत बसण्याऐवजी त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पशुवैद्यकाकडून जनावराची तपासणी करून घ्या. अंगावरचे वळ दिवसागणिक पुसट होत जातात आणि पुरावा त्यांच्यासोबत जातो.

आता ज्यावर खरं म्हणजे सगळं अवलंबून आहे ते बोलू. 'प्राण्यांशी क्रूरता' या दोन शब्दांत अगदी निरनिराळी माणसं कोंबली जातात. माझ्यासमोर जखमी जनावर आलं की मी पहिल्यांदा बघते ते जखमेचं वय. ताजा वळ सुजलेला, ओलसर, हात लावला की जनावर कातडी थरथरवतं. काही दिवसांनी खपली धरते. महिन्यांनंतर तिथली कातडी जाड होते, केस येत नाहीत किंवा विरळ येतात. एकाच अंगावर या तिन्ही अवस्था शेजारी शेजारी दिसल्या, तर 'एकदा राग अनावर झाला' ही सबब टिकत नाही. कुत्र्याच्या एक्स-रेत एक बरगडी नुकती मोडलेली आणि शेजारच्या दोन पूर्वी मोडून हाडाची गाठ धरून जुळलेल्या दिसतात, तेव्हा मी अहवालात स्पष्ट लिहिते: वेगवेगळ्या वेळी झालेल्या इजा. बैलाच्या शेपटीवरून मुळापासून गोंड्यापर्यंत बोटं फिरवली की पिरगाळून मोडलेला आणि तसाच जुळलेला मणका हाताला लागतो. उपासमारीने मेलेल्या जनावराच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी आणि हाडातला मगज पातळ, चिकट, जेलीसारखा झालेला असतो. ते दोन दिवसांत होत नाही. रोज कुणी तरी त्या गोठ्याजवळून गेलेलं असतं आणि त्याने पाहून न पाहिल्यासारखं केलेलं असतं.

पण तीच उपासमार मी माण-आटपाडीच्या दुष्काळातही पाहिली आहे. २०१२-१३ ला चारा छावण्या पडल्या, पुन्हा २०१९ ला पडल्या. छावणीत आलेल्या गाईंच्या बरगड्या मोजता येत होत्या, आणि त्यांना घेऊन आलेल्या बाया-बाप्यांच्याही. त्या माणसाने गाय विकली नव्हती, सोडून दिली नव्हती, डोक्यावर वैरण घेऊन मैलोन् मैल चालत आला होता. शरीरावरची खूण तीच, माणूस वेगळा. शिक्षेआधी हा फरक करता आला पाहिजे.

ऊसतोडीच्या हंगामातलंही सांगते, कारण तुमच्या अध्यक्षांच्या 'आयुष्यातून उठवायचं का' या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे. कारखान्याकडे निघालेल्या गाड्या वाजवीपेक्षा जास्त भरलेल्या असतात, चढाला बैल गुडघ्यावर येतात, जुवाखाली खांदा सुजतो. खांदेसूज झालेला बैल जुवाखाली पुन्हा घातला की सूज फुटते, पू होतो, माश्या बसतात. मी गाडीवानाला सांगते, हा बैल सोड, खांदा बरा होईपर्यंत जुवाखाली घालायचा नाही. त्याच्या डोळ्यांत मला दिसतं की त्याची उचल फिटायची आहे, बायको-पोरं फडात आहेत, आणि बैल थांबला की मजुरी थांबली. तरी बैल थांबवावाच लागतो. कुणी पुढारी त्याच्या बाजूने बोलायला येत नाही, 'एका बैलापायी माणसाला उठवायचं का' असं कुणी विचारत नाही. तो आपल्या कामाचे दिवस गमावतो आणि गप्प बसतो. बीडहून, जतहून आलेल्या त्या माणसाचं पोटच त्या बैलावर आहे. तुमच्या अभिनेत्याचं पोट कुत्र्यावर नव्हतं. त्याच्याकडून जनावर पाळायचा हक्क कायमचा काढून घेतला तरी त्याच्या मिळकतीतला एक रुपया कमी होत नाही. मग एवढी काळजी त्याच्याच पोटाची का?

बाहेरच्या देशांत काय घडलं तेही बघा, म्हणजे 'संपवणं' आणि 'सोडून देणं' यांच्या मधली वाट दिसेल. अमेरिकेत मायकेल व्हिक नावाचा फुटबॉलपटू होता, तिथल्या फुटबॉलमधला फार मोठा तारा. २००७ मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या त्याच्या जागेवर कुत्र्यांच्या झुंजींचा अड्डा सापडला. झुंजीत कमी पडलेल्या कुत्र्यांना फाशी देऊन, पाण्यात बुडवून मारलं जायचं. यात त्याने आपला सहभाग कबूल केला. न्यायालयाने २३ महिन्यांची कैद दिली, वाचलेल्या कुत्र्यांच्या सांभाळासाठी नऊ लाख डॉलरांहून जास्त रक्कम भरायला लावली आणि सुटकेनंतरच्या देखरेखीच्या काळात कुत्रा पाळायला बंदी घातली. खेळातून तो निलंबित झाला, बुटांच्या कंपनीने करार तोडला, दिवाळं निघालं. २००९ मध्ये सुटल्यावर दुसऱ्या संघाने त्याला घेतलं आणि तो पुन्हा खेळला, चांगला खेळला. तिथल्या प्राणिप्रेमींपैकी अनेकांनी त्याला अजून माफ केलेलं नाही, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे: तो तुरुंगात गेला, पैसे त्या कुत्र्यांसाठी भरले गेले आणि ४७ कुत्री जगली. त्यातली कित्येक पुढे घरांत, पोराबाळांत राहिली. त्याने पुन्हा चेंडू फेकला म्हणून त्या कुत्र्यांचं काही हिरावलं गेलं नाही.

याच्या उलट गोष्ट इंग्लंडची. कर्ट झूमा या फुटबॉलपटूने २०२२ मध्ये घरच्या मांजराला लाथ मारली, भावाने त्याचं चित्रीकरण केलं. ते बाहेर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या क्लबने त्याला सामन्यात उतरवलं. पुढे क्लबने दंड केला, न्यायालयाने १८० तास समाजसेवा आणि पाच वर्षं मांजर पाळायला बंदी अशी शिक्षा दिली. न्यायालयाचं वागणं मला बरोबर वाटतं. क्लबचं मुळीच नाही. चौकशीचा निकाल लागेपर्यंत त्याला बाकावर बसवता आलं असतं. दुसऱ्याच दिवशी मैदानात पाठवलं तेव्हा बघणाऱ्या मुलांना काय कळलं असेल? की आपल्याला हवा असलेला माणूस असेल तर मांजराचं काही मोल नाही.

आता ज्या ठिकाणी मी करिअर संपवायच्या बाजूने आहे, ते ठिकाण. ज्याचं कामच जनावरासोबत आहे, तिथे. शार्लट डुजार्डिन ही ब्रिटनची घोडेस्वार, ऑलिंपिकची सुवर्णपदकं मिळवलेली. शिकवणीत घोड्याच्या पायांवर लांब चाबकाने वारंवार मारल्याची चित्रफीत निघाली, तेव्हा २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून तिने माघार घेतली आणि जागतिक महासंघाने एक वर्ष निलंबित केलं. मला ते एक वर्ष कमी वाटतं. तिच्या बाबतीत छळ आणि पेशा वेगळे नव्हतेच.

आपल्या सातारा-सांगलीत याचा अर्थ लगेच कळेल, कारण इथे शर्यतीचा बैल आणि गाडीचा ड्रायव्हर हे सिनेमाच्या नटाहून मोठे आहेत. बॅनरवर त्यांचे फोटो, स्टेटसला त्यांचे व्हिडिओ. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यती थांबवल्या, २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, डिसेंबर २०२१ ला पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो बदल वैध ठरवला. त्यासोबत नियम आले: धाव १००० मीटरच्या आत, शर्यतीआधी पशुवैद्यकाची तपासणी, आणि काठी, चाबूक, टोचणी, विजेचा धक्का यांतलं काहीही नाही. मोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. पन्नास रुपयांशेजारी हे ठेवून बघा. मैदानावर मी बैल तपासते तेव्हा मागच्या पुठ्ठ्यावर झटक्याने भाजल्यासारखे बारीक डाग शोधते, शेपटी तपासते, तोंडाला फेस आणि छातीचे ठोके बघते. शंका आली की दाखला देत नाही. मग मालकाचे चार लोक येतात, ओळखी सांगतात, "मॅडम, लांबून आलोय," म्हणतात. शर्यत टिकावी असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनीच अशा वेळी माझ्या बाजूने उभं राहायला हवं, आणि बरेचसे जुने बैलवाले राहतातही. बॅटरीचा झटका देताना सापडलेला ड्रायव्हर कितीही नावाजलेला असो, तो पुन्हा छकड्यावर बसता कामा नये. एका हंगामापुरता नव्हे, कधीच नाही. त्याने दुसरं कुठलंही काम करावं, ट्रॅक्टर चालवावा, त्याला आडकाठी नाही.

हीच रेघ साप दाखवून नाव कमावणाऱ्या पोरांना लागू. बत्तीस शिराळ्याच्या लोकांनी उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पिढ्यान् पिढ्यांची जिवंत नागाची पूजा आणि मिरवणूक थांबवली, प्रतिमेची पूजा केली. त्यांच्यासाठी ती श्रद्धा होती, कमाई नव्हती, तरी थांबवली. २०२५ ला नाग पकडायला मिळाली ती शैक्षणिक कारणापुरतीच परवानगी. आणि दुसरीकडे लाखो लोक ज्याला बघतात असा कुणी नागाच्या फण्याशी खेळत रील टाकतो, त्याचं कौतुक होतं. त्याचं ते खातं, तो धंदा बंद झालाच पाहिजे. तो बघून आमच्याकडची पोरं धामण समजून नागाला हात घालतात.

आता पुन्हा तुमच्या अभिनेत्याकडे. तो पडद्यावर काम करतो. तिथे कुत्रा, घोडा, बैल आणायचा असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. निर्मात्याने त्याला अशा प्रसंगांतून बाहेर ठेवावं, कुत्र्याच्या खाद्याच्या जाहिराती कुणी त्याला देऊ नयेत. बाकी भूमिका त्याने कराव्यात. फक्त एक गोष्ट मी निर्मात्यांना आवर्जून सांगेन. जनावराला पुन्हा पुन्हा मारणारा हात पुष्कळदा तिथेच थांबत नाही. ज्या घरातल्या कुत्र्याच्या बरगड्या अनेकदा मोडल्या, त्या घरातली बाई दवाखान्यात पदर ओढून बसलेली मी पाहिली आहे. अमेरिकेच्या एफबीआयने २०१६ पासून प्राणी छळाची नोंद स्वतंत्र गुन्हा म्हणून ठेवायला सुरुवात केली. तेव्हा निकालपत्रात मारहाण वारंवार झाल्याचं लिहिलं असेल, तर सेटवर त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या पोरांची काळजीही कुणी तरी घ्यायला हवी. एकदा हात उगारला आणि त्याच संध्याकाळी कुत्र्याला दवाखान्यात नेलं असं असेल, तर माझं मत बरंच मवाळ होईल.

पश्चात्ताप कसा ओळखायचा, हेही लोक विचारतात. गोशाळेला देणगी आणि वासराला कुरवाळतानाचा फोटो, हे मी धरत नाही. मी बघते ते असं: त्याने 'माझ्याकडून चूक झाली असेल तर' असं न म्हणता 'मी कुत्र्याला मारलं' असं म्हटलं का? त्या कुत्र्याच्या उपचाराचा आणि पुढच्या सांभाळाचा खर्च त्याने उचलला का? कुत्रं आता कुठे आहे, त्याच्याकडेच का दुसऱ्या चांगल्या घरी? कोर्टाने सांगितलं नसलं तरी त्याने स्वतःहून जनावर पाळणं सोडलं का? शेवटच्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वजन देते, कारण त्याला कॅमेरा लागत नाही.

तेव्हा अध्यक्षांना सांगा: दहीहंडीचं आमंत्रण म्हणजे त्याची रोजीरोटी नाही. तुम्ही बोलावलं नाही म्हणून तो उपाशी राहणार नाही, त्याचा एकही सिनेमा अडणार नाही. त्याला आयुष्यातून उठवायची ताकद पलूसच्या एका मंडळात नाही आणि तसं करायचंही नाही. तुमच्या हातात आहे तो मान, आणि तो कुणाला द्यायचा हे ठरवायचा पूर्ण अधिकार मंडळाला आहे. काम हा एक विषय, मान हा दुसरा. एवढे दोन वेगळे केले की बैठकीतला निम्मा वाद मिटेल.

बैठकीआधी निकालाची प्रत मिळवा. न्यायालयाच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटला शोधता येतो, नाही सापडली तर ओळखीच्या वकिलाकडून नक्कल काढा. दोषी ठरवलंय का नुसता गुन्हा दाखल आहे, हे आधी बघा. नुसता गुन्हा दाखल असेल तर पत्रकात, स्टेटसला त्याच्याबद्दल एक शब्द लिहू नका. निकाल लागेपर्यंत बोलवू नका, एवढं पुरे. दोषी असेल तर पशुवैद्यकाच्या अहवालाचा उतारा निकालात असतो, तो वाचा: इजा एका वेळची का अनेक वेळची. अपील केलंय का, कलम २९ चा आदेश आहे का, तेही बघा. मग हे सगळं बैठकीत वाचून दाखवा. तुम्ही नुसतं 'मला पटत नाही' म्हणालात म्हणून लोकांनी ऐकलं नाही. कुत्र्याला काय काय झालं होतं हे बायका-पोरांसमोर वाचलं गेलं तर हात वर करणारे कमी होतील.

विसार आधीच दिला असेल आणि परत मिळत नसेल, तर त्या पैशासाठी माणूस आणू नका. विसार बुडाला तर बुडाला. उरलेल्या मानधनातून त्या दिवशी गावातल्या भटक्या कुत्र्यांना रेबीजची लस द्या. पलूसच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी आधी बोलून ठेवा, लस शीतपेटीतूनच आणावी लागते आणि कुत्री धरायला सराईत माणूस लागतो. निकालातली वैद्यकीय भाषा कळली नाही तर नावं झाकून तेवढं पान मला पाठवा, वाचून सांगते.